डॉक्टरबाईंचं टपाल : दोन बनियनांच्या आत

गेल्या अंकात भाजल्यानंतरच्या व्रणांविषयी लिहिताना मी ओघात एक ओळ लिहिली होती, की पुरुषांची वाढलेली छातीही प्लास्टिक सर्जनकडेच दाखवायची असते. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की व्रणांवरची मागे पडली. बहुतेकांनी नाव घातलेलं नाही. एकाने तर ‘उत्तर घरी पाठवू नका, अंकातच छापा’ असं दोनदा बजावलं आहे. सांगलीत प्रॅक्टिस करून मला २६ वर्षं झाली. ही तक्रार घेऊन येणारा माणूस दारातून आत येतानाच मला ओळखू येतो. खांदे पुढे ओढलेले, पाठीला बाक, एप्रिलच्या उन्हातही गडद शर्ट आणि त्याच्या आत एकावर एक दोन बनियन. या वेळचं सगळं टपाल त्यांच्यासाठी.

प्रश्न : मॅडम, माझं वय २७. सातारा जिल्ह्यात राहतो, पतसंस्थेत कारकून आहे. आठवीपासून छाती बायकांसारखी दिसते. शाळेत मला एक नाव पडलं होतं, ते इथे लिहवत नाही. वर्षभर जिम लावून ९ किलो उतरवले, पोट गेलं, छाती तशीच. गावच्या विहिरीत उतरलो नाही त्याला तेरा वर्षं झाली. तीन महिन्यांनी लग्न आहे. आमच्यात हळदीला नवरदेवाला उघड्या अंगाने पाटावर बसवतात. सगळी भावकी समोर, शिवाय व्हिडिओवाला. हळदीच्या आठ दिवस आधी ऑपरेशन केलं तर चालेल का? होणाऱ्या बायकोला सांगावं का? मी पुरुष म्हणून कमी आहे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुम्ही कशानेही कमी नाही.

स्तनाची ग्रंथी पुरुषाच्याही अंगात असते, अगदी थोडी. इस्ट्रोजेन हे संप्रेरक आपण बायकांचं म्हणतो, पण ते प्रत्येक पुरुषाच्या रक्तात असतं. मुलगा वयात येताना इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा तोल काही काळ ढळतो आणि ग्रंथी वाढते. बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत ओसरते, काहींची राहून जाते. तुमची राहून गेलेली दिसते. वैद्यकात तिला गायनेकोमास्टिया म्हणतात. नाव ग्रीक आहे आणि दुखणंही तितकंच जुनं. एजिनाचा पॉलस या ग्रीक वैद्याने सातव्या शतकातच तिच्या शस्त्रक्रियेचं वर्णन लिहून ठेवलं आहे. तेरा शतकांपूर्वीही कुणी पुरुष हे घेऊन वैद्याच्या दारात उभा होता.

माझा धाकटा भाऊ कृष्णेच्या घाटावर बनियन घालूनच पाण्यात उतरायचा. आम्ही त्याला लाजाळू समजायचो. आई म्हणायची, त्याला पटकन सर्दी होते. पुढे मुंबईत प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. पदवी करताना मी पहिल्यांदा असा रुग्ण तपासला. बोटाखाली स्तनाग्रामागची ग्रंथीची घट्ट चकती लागली आणि मला एकदम घाट आठवला. त्या रात्री हॉस्टेलवरून फोन करून त्याला विचारलं. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, “ताई, तुला आत्ता कळलं होय?” तेव्हा तो पंचविशीत होता. एका घरात वाढलो आम्ही, आणि मी डॉक्टर.

आता तुमच्याकडे वळते. आज रात्री उताणे झोपा, एक हात डोक्याखाली घ्या आणि दुसऱ्या हाताचं बोट आणि अंगठा छातीच्या कडांवरून स्तनाग्राकडे सरकवत आणा. स्तनाग्राच्या बरोबर खाली खोडरबरासारखी, थोडी सरकणारी चकती लागली तर ती ग्रंथी. काहीच न लागता सगळीकडे सारखंच मऊ लागलं तर ती नुसती चरबी, आणि ती वजनाबरोबर बऱ्याच अंशी उतरते. तुमचे ९ किलो गेले आणि छाती जागची हलली नाही, म्हणजे चकती असणार असा माझा अंदाज. व्यायामाने ग्रंथी विरघळत नाही. उलट तिच्या मागचा स्नायू भरला की ती आणखी पुढे येते. जिमवाल्याने ‘अजून सहा महिने’ म्हटलं तर ऐकू नका.

पण चकती लागली म्हणून लगेच टेबलावर झोपायचं नाही. मी आधी अंडकोष तपासते. पुष्कळ जण दचकतात, म्हणतात, “मॅडम, दुखणं छातीचं आहे.” कुणाला फारच अवघडल्यासारखं झालं तर मी पुरुष सहकाऱ्याला तपासायला सांगते, पण ही तपासणी सोडत नाही. वृषणातली गाठ कधी कधी पहिल्यांदा छातीवरच खूण दाखवते. वृषण फार लहान असतील, दाढीमिशा विरळ असतील, तर क्लाइनफेल्टर असू शकतं. त्यात मुलगा एक एक्स गुणसूत्र जास्त घेऊन जन्माला येतो. साधारण ५०० ते १००० मुलग्यांत एखादा असा असतो आणि अनेकांना ते लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून तपासण्या केल्यावरच कळतं. शिवाय यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि चालू असलेली औषधं पाहते. प्रत्येकाला सगळ्या तपासण्या लागतात असं नाही. तेरा-चौदाव्या वर्षी सुरू होऊन वर्षानुवर्षं तशीच राहिलेली, बाकी सगळं नीट असलेली छाती असेल तर मी दोन-चार रक्ततपासण्यांवर थांबते. त्या चांगल्या निघाल्या तर ही चकती तुमच्या संसाराच्या किंवा मुलाबाळांच्या आड येत नाही.

ऑपरेशनचं सांगते. इतक्या वर्षांची चकती तंतूमय होऊन घट्ट झालेली असते. गोळ्यांनी ती जात नाही, ती काढावीच लागते. बहुतेकदा पूर्ण भूल देतो. सलाइनमध्ये बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आखडवणारं ॲड्रेनॅलिन मिसळून ते पाणी छातीत सोडतो, त्याने रक्तस्राव फार कमी होतो. मग काखेजवळच्या बारीक छिद्रातून नळी घालून चरबी ओढून घेतो, ते लायपोसक्शन. चकती मात्र नळीतून सहसा येत नाही. तिच्यासाठी स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेला अर्धचंद्रासारखा छेद घेतो. वेबस्टर या अमेरिकन सर्जनने १९४६ साली हा छेद लिहून ठेवला. त्याची गंमत म्हणजे गडद आणि उजळ कातडीच्या सीमेवर व्रण लपून जातो. वर्षभराने मी स्वतः केलेला छेद मलाच शोधावा लागतो. दोन्ही बाजूंना मिळून दीड-दोन तास लागतात. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी घरी जाता येतं.

चकती सगळी खरवडून काढायची नसते, हे मुद्दाम लिहिते. स्तनाग्राखाली साधारण सेंटिमीटरभर जाडीचा थर ठेवावा लागतो. तो ठेवला नाही तर स्तनाग्र आत बसतं आणि बशीसारखा खड्डा पडतो. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे असाच आला. दुसऱ्या एका शहरात त्याने ऑफर पाहून घाईने करून घेतलं होतं. दोन्ही बाजूंना खड्डे. तो म्हणाला, “मॅडम, आधी फुगवटा लपवत होतो, आता खड्डा लपवतो.” शेजारची चरबी सरकवून, मांडीची थोडी चरबी भरून आम्ही ते दोन टप्प्यांत बरंच सावरलं. अगदी पहिल्यासारखं झालं नाही. त्याच्या आईने फी देताना हात जोडले, तेव्हा मला फार वाईट वाटलं. हे टळण्यासारखं होतं.

म्हणूनच हळदीच्या आठ दिवस आधी मुळीच नको. पहिल्या दोन-तीन दिवसांत आत रक्त साठून छाती एका बाजूने फुगू शकते, कधी ते काढायला परत थिएटरमध्ये न्यावं लागतं. आठव्या दिवशी निळे-हिरवे डाग आणि सूज असते, टाकेही कदाचित आतच असतात. पुढे चार ते सहा आठवडे अंगाला घट्ट बसणारी दाबाची बंडी दिवसरात्र घालावी लागते. स्तनाग्र काही महिने बधिर राहू शकतं. छाती पूर्ण आकाराला यायला तीन ते सहा महिने लागतात. तपासण्या या पंधरवड्यात झाल्या आणि ऑपरेशन लगेच उरकलं, तर हळदीपर्यंत दोन महिन्यांहून थोडे जास्त हातात राहतील. तेवढे मला पुरेसे वाटतात. त्याच्या पुढे ढकललं तर लग्न होऊन जाऊ द्या. हळदीला अंगावर सुती बंडी ठेवली म्हणून हळद लागत नाही असं नाही. चेहऱ्याला, हातापायांना लावतातच. घरातल्या एखाद्या जाणत्या काकूला आधी विश्वासात घ्या, ती सगळ्यांना परस्पर गप्प करते. आणि सिगारेट ओढत असाल तर ऑपरेशनच्या किमान महिनाभर आधी सोडा. तंबाखूतल्या निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आखडतो आणि स्तनाग्राची कातडीच काळी पडण्याचा धोका वाढतो. मळलेल्या तंबाखूलाही हेच लागू.

होणाऱ्या बायकोला सांगायची सक्ती कुणाचीच नाही. पण महिना-दीड महिना दाबाची बंडी घालून हिंडणार आहात, फोनवर रोज बोलत असाल, तर मी तुमच्या जागी असते तर सांगितलं असतं. तेरा वर्षं एकट्याने वागवलेलं आहे हे.

प्रश्न : डॉक्टरताई, आम्ही लातूरकडचे. माझा मुलगा १४ वर्षांचा, नववीत आहे. सहा-सात महिन्यांपासून त्याच्या छातीवर दोन्हीकडे गाठी आल्यात, धक्का लागला की दुखतं म्हणतो. पी.टी.च्या तासाला जायला रडतो. सासूबाई म्हणतात सोयाबीनची भाजी खाऊन झालं. आत्ताच ऑपरेशन करून टाकावं का?

उत्तर : ताई, आत्ता ऑपरेशन नको. या वयात निम्म्याहून अधिक मुलांना कमी-जास्त प्रमाणात हे होतं. त्याच्या वर्गातल्या कितीतरी जणांना असेल, सांगत कुणी नाही. दुखतंय म्हणजे ग्रंथी अजून वाढीच्या टप्प्यात आहे, आणि यातल्या बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत आपोआप बसते. आत्ता काढली तर वाढीच्या लाटेत पुन्हा येऊ शकते. साधारण अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर, आणि वर्षभर तिच्यात काही फरक पडला नसेल, तरच मी शस्त्रक्रियेचा विषय काढते. फार मोठी असेल आणि मूल मनाने खचत असेल तर अलीकडेही आणते, पण ते मुलाला तपासून, त्याच्याशी एकट्याशी बोलून.

एकदा बालरोगतज्ज्ञांना नक्की दाखवा. काखेत, जांघेत केस यायला लागलेत का, आवाज बदलतोय का, अंडकोषांची वाढ वयानुसार आहे का, हे ते पाहतील. वयात यायच्या आधीच, म्हणजे आठव्या-नवव्या वर्षी छाती वाढली, किंवा दोन-चार आठवड्यांत झपाट्याने वाढली, तर ती वेगळी गोष्ट, तिथे थांबायचं नसतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

सासूबाईंना सांगा, सोयाबीनचा दोष नाही. वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली एका साठीच्या गृहस्थांची नोंद आली होती. ते रोज तीन लिटरच्या आसपास सोयाचं दूध पीत आणि ते थांबवल्यावर छातीचं दुखणं थांबलं. घरच्या ताटातल्या वाटीभर भाजीने असं होत नाही. तुमच्या भागात अख्खं गाव सोयाबीन पिकवतं आणि खातं. छातीला घट्ट फडकं बांधणं, लेप, मालिश, यातलं काही करू नका. गाठ पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका, त्यालाही दाबू देऊ नका.

पी.टी.चं मात्र मनावर घ्या. वर्गशिक्षकांना भेटून, कारण न फोडता, त्याला टी-शर्टावर खेळू द्या एवढं मागा. आणि हे त्याच्याशी त्याच्या वडिलांनी बोलावं. ‘मलाही तुझ्या वयात दुखायचं’ हे वाक्य वडिलांच्या तोंडून आलं की मुलाची छाती तीच राहते, पण मान वर होते. वडिलांना खरंच झालं नसेल तर मामाला विचारा, काकाला विचारा. घरात कुणी ना कुणी निघतोच.

प्रश्न : वय ५८, एसटीतून निवृत्त, मुक्काम रत्नागिरी जिल्हा. हृदयाचं पंपिंग कमी म्हणून आठ महिन्यांपासून गोळ्या चालू आहेत, त्यात स्पायरोनोलॅक्टोन आहे. चार महिन्यांपासून उजव्या छातीत गाठ लागते. एवढ्याशा गाठीसाठी कुठे दाखवायचं म्हणून राहिलो. गोळी बंद करू का?

उत्तर : दादा, गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. ती तुमच्या हृदयासाठी आहे. पण या आठवड्यात डॉक्टरांना छाती दाखवायची आहे, पुढच्या नाही.

स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती वाढते, हे पक्कं ठाऊक आहे. हृदयविकारात हे औषध जीव वाचवतं हे ज्या मोठ्या चाचणीने दाखवलं, ती १९९९ साली प्रसिद्ध झाली. त्या चाचणीत औषध घेणाऱ्या दर शंभर पुरुषांत दहा जणांना छाती वाढल्याची किंवा दुखल्याची तक्रार होती आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत एकाला. तेव्हा गोळीचाच हा परिणाम असण्याची शक्यता बरीच आहे. तसं ठरलं तर तुमचे हृदयरोगतज्ज्ञ एप्लेरेनोन नावाचं त्याच जातीचं दुसरं औषध देऊ शकतात. त्याचा हा त्रास फार कमी आहे. प्रोस्टेटच्या, केस गळतीच्या, पित्ताच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनीही छाती वाढते. म्हणून तपासायला जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आठवणीवर राहू नका.

पण गाठ एकाच बाजूला आहे आणि वय अठ्ठावन्न आहे, म्हणून गोळीवर ढकलून मोकळं होता येत नाही. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो. पुरुषाला हा आजार होतो हेच माहीत नसल्याने ते उशिरा येतात. गाठ स्तनाग्राच्या बरोबर खाली न लागता बाजूला लागते का, दगडासारखी घट्ट आहे का, स्तनाग्र आत ओढलं गेलंय का, त्यातून रक्ताळ पाणी येतं का, कातडीवर जखम किंवा काखेत गाठ आहे का, हे आरशासमोर उभं राहून बघा. यातलं काही नसलं तरी जा. सोनोग्राफी होईल, मॅमोग्राफी पुरुषाचीही करता येते, आणि शंका राहिली तर सुईने तुकडा काढून तपासतील. आई किंवा बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल तर ते न विचारता सांगा. आणि तपासणी झाली की मला दोन ओळी लिहा. मी वाट पाहीन.

प्रश्न : मी २१ वर्षांचा, पिंपरीत राहतो. बॉडीबिल्डिंगच्या कॉम्पिटिशनसाठी ट्रेनरने टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचे दोन सायकल, म्हणजे कोर्स, करायला लावले. आता स्तनाग्राखाली गाठ आली आहे आणि दुखते. ट्रेनर म्हणतो टॅमोक्सिफेन घे आणि तिसरा सायकल चालू ठेव. घरी माहीत नाही.

उत्तर : तिसरं सायकल घेऊ नकोस. जादा टेस्टोस्टेरॉन दिलं की शरीर त्यातलं काही इस्ट्रोजेनमध्ये बदलतं. तेच ग्रंथी वाढवतं. पुरुष व्हायचं इंजेक्शन घेतोस आणि छाती वाढते, याचं कारण हेच. शिवाय बाहेरून आयतं मिळतंय म्हटल्यावर तुझे वृषण काम थांबवतात, लहान होतात, वीर्यातल्या शुक्रजंतूंची संख्या खाली येते. ती परत यायला महिने लागतात, काहींना त्याहून जास्त.

टॅमोक्सिफेन हे इस्ट्रोजेनला अडवणारं खरं औषध आहे. दुखण्याच्या सुरुवातीच्या काळात आम्हीही काहींना देतो. पण ते रक्ततपासणी करून, ठरावीक काळासाठी, डॉक्टरच्या देखरेखीखाली. रक्ताच्या गुठळीचा धोका आहे त्यात. ते ट्रेनरने खिशातून काढून द्यायचं नसतं. तू हार्मोनच्या डॉक्टरकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि काय घेतलंस ते नावांसकट खरं सांग. तो पोलिसात देत नाही, ओरडतही नाही. त्याला ते ऐकल्याशिवाय मदत करता येत नाही. गाठ नवी आहे, अजून बसू शकते. नाही बसली तर इंजेक्शनं सुटून बरेच महिने झाल्यावर शस्त्रक्रियेचं बघू. इंजेक्शनं चालू ठेवून केली तर गाठ पुन्हा येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी निदान भावाला तरी सांग रे.

प्रश्न : खर्च किती येतो, मेडिक्लेम मिळतो का, आणि चांगला सर्जन ओळखायचा कसा? (हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला आहे.)

उत्तर : आकडा लिहित नाही, गावागणिक आणि छातीगणिक तो बदलतो. पण सांगितलेल्या रकमेत काय काय धरलंय ते कागदावर मागा. भूलतज्ज्ञांची फी, थिएटर, खोली, दाबाची बंडी, पॅथॉलॉजी, आणि रक्त साठून पुन्हा थिएटरमध्ये न्यावं लागलं तर त्याचे पैसे कोण देणार. ‘आज बुक केलंत तर इतकी सूट’ असं जिथे म्हणतात तिथून उठून या. ऑपरेशन कोण करणार ते नावानिशी विचारा आणि त्यांच्याकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का ते पाहा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी तपासता येते. नुसतं ‘कॉस्मेटिक’ असं पाटीवर लिहिलेलं पुरेसं नाही.

विमा कंपन्या सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळतात. वैद्यकीय गरज म्हणून कधी मान्य होते, पण त्यासाठी डॉक्टरांचं कारणांसह पत्र आणि तपासण्यांचे कागद आधी पाठवून लेखी मंजुरी घ्या, नंतर भांडून मिळत नाही. पैशाची अडचण असेल तर मुंबईत केईएम, सायन, नायर आणि जे.जे., पुण्यात ससून, इथे प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. थांबावं लागतं, ओपीडीत रांग असते. मी त्यातल्याच एका रांगेच्या पलीकडे बसून हे काम शिकले, आणि तिथले हात कमी नाहीत.

एक विचारायचं बहुतेकांच्या राहून जातं. काढलेल्या चकत्या पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा, उजवी आणि डावी वेगवेगळ्या बाटलीत. रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो, टाके काढायला जाल तेव्हा तो मागून घ्या आणि मूळ प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा.